भुऱ्या की पांढऱ्या

मांसासाठी लाव्ह्या, म्हणजे बटेर पक्षी, पाळायच्या ठरल्यावर कोणती जात घ्यावी हे बघायला मी वणीजवळच्या एका शेडवर गेले. तिथल्या बाईंचं नाव मी विचारलं नाही. साठीच्या असतील. पक्षी उचलण्याआधी त्या तळहात पदरावर घासून उबदार करायच्या, मग अंगठ्याने त्याची छाती चाचपायच्या.

मला भुऱ्या हव्या होत्या. अंगाने भरलेल्या होत्या.

"ताई, पांढऱ्या न्या," बाई म्हणाल्या.

"पांढऱ्या वजनाला कमी दिसतात."

"हायेतच कमी. पण भुऱ्यांचे ठिपके दर एकीचे येगळे. चार दिसांत एकेक वळखू येती. मग कापायला देताना हात धजत नाय."

"आणि तुमचा धजतो?"

त्यांनी खुर्चीखालची टोपली पायाने मागे सारली. आत एक म्हातारी भुरी बसली होती. "हिचं इचारू नका," म्हणत त्या हसल्या.

वजनाचं नुकसान सोसून मी पांढऱ्याच आणल्या. सगळ्या अगदी सारख्या आहेत, फक्त एक जराशी लंगडते. उद्या शहरातला एक हॉटेलवाला पक्षी न्यायला येणार आहे. तिला मी आजच वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलंय.