पाखऱ्याचा पट्टा

शहाजीराव शेडगे खांदेश्वरला आमच्या समोरच्या दारात राहतात. आधी बंदरात, मग वाशीच्या मार्केटात उभी हयात पोती वाहिली, तरी मान ताठ. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते बोलायला उठले की सेक्रेटरी आधी पाणी पिऊन घेतो. पण कपाटातल्या पट्ट्याचा विषय निघाला की हाच माणूस एकदम मऊ पडायचा.

पट्टा बॉक्सिंगचा. रुंद चामडं, मधोमध पितळेची ढाल, बाजूला आधीच्या विजेत्यांची नावं. पहिली काही तर गोऱ्या साहेबांची. बंदरातल्या कामगारांच्या स्पर्धेत शहाजीरावांनी तो तरुणपणी जिंकला. मग स्पर्धाच बंद पडली आणि हा फिरता पट्टा यांच्याकडे कायमचा मुक्कामाला राहिला. खालच्या कडेला मात्र ओळीनं भोकं होती. विचारलं की म्हणायचे, "उंदरानं खाल्लं." उंदीर इतका शिस्तीचा असतो हे मला कधी पटलं नाही.

गेल्या महिन्यात राजवर्धन नावाचा तरुण आला. खेळांतल्या जुन्या वस्तू जमवतो, बेलापूरला प्रदर्शन मांडणार होता. शहाजीरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला, सत्यभामावहिनींनी पोहे केले, मला मुद्दाम बोलावलं. आपला पट्टा काचेत लागावा, खाली आपलं नाव असावं, लोकांनी थांबून वाचावं, ही त्यांची जुनी हौस.

राजवर्धननं भोकांवरून बोट फिरवलं. "काका, ही तर आरीची भोकं. काय शिवलेलं इथे?"

वहिनीच म्हणाल्या, "सांगा की आता. किती वर्सं गिळून बसनार?"

"घुंगरं," ते म्हणाले.

मग सगळं सांगितलं. जिंकल्यावर पट्टा दाखवायला ते साताऱ्याकडे गावी गेले. वडिलांनी बॉक्सिंग कधी पाहिलेलं नव्हतं. लेकानं पट्टा जिंकलाय, एवढं त्यांना समजलं. "बेंदरापातूर ऱ्हाऊ दे हितं," म्हणाले. बैलांच्या त्या सणाला शहाजीराव गावी पोचले, तर मिरवणुकीत पुढे घरचा पाखऱ्या. शिंगांना बेगड, आणि गळ्यात हा पट्टा, घुंगरं शिवलेला. शेजारून वडील छाती काढून चाललेले.

"साऱ्या गावानं बघितलं बग तुजं बक्षीस!"

शहाजीरावांचं डोकंच फिरलं. "सायबांच्या कमरंचा पट्टा हाय ह्यो, जनावराचा न्हाई!" असं ओरडून त्यांनी भर मिरवणुकीत तो बैलाच्या गळ्यातून काढला आणि विळ्यानं घुंगरं कापून टाकली. वडील वाकून धुळीतली घुंगरं वेचत राहिले. मिरवणूक त्यांना वळसा घालून पुढे गेली. पुढचं बेंदूर त्यांना दिसलं नाही.

"आमच्या घरात पाखऱ्याच्या गळ्याएवढी मानाची जागा न्हवती," शहाजीराव म्हणाले. "ते गेल्यावर कळलं मला."

मला त्या म्हाताऱ्याचं फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर समोर बसलेल्याचंही.

"घुंगरं आहेत का? सोबत मांडली असती," राजवर्धननं हळूच विचारलं.

"कुठं ठिवली, कधी इचारलंच न्हाई."

"मग भोकं भरून घेऊ. आमचा कारागीर असं चामडं बसवतो, कुणाला कळणार नाही."

शहाजीरावांना इतकी वर्षं हेच तर हवं होतं. ते लगेच हो म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी पट्टा मांडीवर ओढून घेतला.

"भोकं ऱ्हाऊ द्या. आन् खाली माझं नाव नको. लिव्हा, पाखऱ्या बैल, मालक ज्ञानू शेडगे."

राजवर्धननं तसंच लिहिलं. प्रदर्शनाला आम्ही तिघं गेलो. लोक काचेपाशी थांबत, वाचत आणि हसत. एकानं तर मोठ्यानं विचारलं, "बॉक्सिंगमध्ये हा बैलाचा पट्टा कुणी आणला?"

आता भांडण होणार म्हणून मी पुढे झालो. शहाजीरावांनी डोळे पुसले.

"मानाचा हाय तो," एवढंच म्हणाले.