दोरीचं दुसरं टोक

आधीच सांगून ठेवतो – भुताखेतांवर, दैवी शक्तींवर विश्वास ठेवणाऱ्यांतला मी नाही. आमच्या घरातले देव वडिलांनी छप्पन साली बौद्ध दीक्षा घेतली तेव्हाच नदीत सोडले. त्यानंतर अंगारा, उतारा, नवस असलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. लहानपणी कोणी भुताची गोष्ट सुरू केली, की वडील मला गणितं सोडवायला बसवायचे. या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आलो आणि निम्म्या लिहिणाऱ्यांना मनातल्या मनात थापाडेही म्हटलं. आता माझी पाळी... म्हणा काय म्हणायचं ते.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, पण आमच्या तोंडी अजून सगळा मुलूख चांदाच, म्हणजे चंद्रपूरच, होता. सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात विहाराचं बांधकाम चाललं होतं. भिंती उभ्या राहिल्या आणि छतापाशी येऊन गाडं अडलं. आलापल्लीकडच्या डेपोत लिलावात सागाचे ओंडके आमच्या ऐपतीत मिळाले, पण ते गावापर्यंत आणायला ट्रक काही परवडेना. माझ्याकडे एक जुनी पिकअप गाडी होती. धानाची पोती, बाजाराचा माल, लग्नाची भांडीकुंडी, जे मिळेल ते मी तिच्यातून वाहायचो. तिला मागे जोडायला ब्रह्मपुरीच्या एका वेल्डरकडून भंगारातला आस आणि चाकं लावून ट्रेलर करून घेतला. त्याला ना ब्रेक, ना दिवे. आजच्या पोरांना दाखवला तर ते फोटो काढतील.

माझ्याबरोबर भाऊजी होते – मनोहर भाऊजी, माझ्या मोठ्या बहिणीचे नवरे. विहाराचं काम अंगावर घेतलेला माणूस. बोलायला मोजका, हट्टाला पुरेपूर.

आता ट्रेलरची पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच आहे. लाकडं भरली की ड्रायव्हरला आरशात फक्त लाकडंच दिसतात. इंजिनाच्या आवाजात मागून कोणी कितीही ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून ट्रेलरवर एक माणूस बसायचा. साखळी ढिली होते का ते बघायला, आणि चढावर गाडी थांबली तर खाली उडी मारून चाकामागे लाकडी ठोकळा लावायला. त्याच्या हातात अंबाडीची दोरी. ती गाडीच्या कडेने खिडकीतून आत यायची आणि ड्रायव्हरच्या उजव्या दंडाला बांधलेली असायची. एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. हा आमचा टेलिफोन.

डेपोतल्या हमालांनी ट्रेलर भरला. एक ओंडका उरला. तेवढ्या एकासाठी पुन्हा एवढ्या लांब येणं जिवावर आलं होतं. बाजूच्या खुंटांच्या वर जाईल असा तो सगळ्यांच्या डोक्यावर चढवला आणि साखळी ताणून बांधली. तरी तो थोडा डुगडुगत होता.

"भाऊजी, हा राहू द्या," मी म्हटलं. "हालून राह्यला तो."

"हालते कसा? मी बसतो ना त्याच्यावर," भाऊजी म्हणाले. "माह्या वजनानं दबून राहीन."

आणि ते खरंच त्याच्यावर घोड्यावर बसल्यासारखे बसले. सुटणारं लाकूड धरून ठेवायला त्याच लाकडावर बसणं... आज हसू येतं. तेव्हा मात्र दोघांनाही ती युक्ती पटली होती.

हिवाळ्याचे दिवस, दुपारची वेळ, लख्ख ऊन. अंधार, धुकं, घुबड असलं काही नव्हतं, वाचकांची निराशा होत असेल तर माफी असावी. आष्टीच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे सागाचं जंगल, रस्ता खडीचा आणि खड्ड्यांचा. एका नाल्यावर रपटा लागला – पाण्याच्या पातळीला बांधलेला बुटका, कठडे नसलेला पूल. त्यावरून उतरताना गाडीला मोठा गचका बसला. पण असे गचके सकाळपासून पाचवीला पुजले होते. मी गिअर बदलला आणि पुढचा चढ चढलो. गाडी जरा हलकी चालतेय असं वाटलं. चढ संपल्यामुळे असेल म्हणून मी खुशीत होतो.

रपटा बराच मागे पडला होता. रस्ता सपाट, सरळ. आणि माझा उजवा दंड ओढला गेला.

एकदाच. पण असा, की कोपर दाराच्या पत्र्यावर आपटलं आणि हात स्टिअरिंगवरून सुटून खिडकीबाहेर गेला. भाऊजी एवढ्या जोरात कधी ओढत नसत. मी ब्रेक दाबला, गाडी थांबली. नेहमीप्रमाणे दोन ओढींची वाट बघत बसलो. साखळी घट्ट करत असतील, लघवीला उतरले असतील. काहीच येईना. हाक मारली, उत्तर नाही. मग जरा चिडूनच मी माझ्या बाजूने दोरी ओढली.

ती सगळी हातात आली. जेमतेम हातभर तुकडा होता. दंडाची गाठ जशीच्या तशी आणि पुढे तुटलेलं, पिंजलेलं टोक. ट्रेलर सोडाच, माझ्या दारापलीकडेही ती दोरी पोचत नव्हती.

त्या टोकाकडे मी किती वेळ बघत होतो, सांगता येत नाही. मग मी खाली उडी मारली. साखळी लोंबत होती. वरचा ओंडका नव्हता. भाऊजी नव्हते.

चाकांना ठोकळे लावून ट्रेलर तिथेच सोडला, साखळी गाडीत टाकली, गाडी वळवली. कशी चालवली ते विचारू नका. रस्ताभर नजर दोन्हीकडे, आणि डोळ्यांसमोर बहिणीचा चेहरा. तिला काय सांगणार होतो मी?

रपट्यावर कोणी नव्हतं. पण कडेला सालीचे ताजे तुकडे दिसले. वाकून बघितलं, तर खाली नाल्यात भाऊजी. ओंडका मांडीवर आडवा. कंबरेखालचं अंग पाण्यात आणि रेतीत रुतलेलं. एक कोपर रेतीत रोवून त्यांनी डोकं कसंबसं पाण्याच्या वर धरलं होतं. हात सुटला असता तर तोंड पाण्याखाली जाणार, हे मला वरूनच दिसलं. वरून एखादी बस गेली असती तरी आतल्या कोणाला ते दिसले नसते, एवढ्या आडोशाला होते.

"आला का," ते म्हणाले. "हात गेला होता माहा."

मी त्यांच्या मानेखाली दगड रचले, डोकं टेकवलं. ओंडक्याला साखळी बांधली, दुसरं टोक गाडीला लावलं आणि हळूहळू गाडी पुढे घेतली. ओंडका थोडा सरकताच त्यांनी पाय ओढून घेतला. खालची रेती मऊ होती म्हणून पाय राहिला, पण हाड मोडलं होतं. त्यांना उचलून गाडीत ठेवताना लक्षात आलं, की डाव्या मुठीला दोरी गुंडाळलेली आहे. तिचं दुसरं टोकही तसंच पिंजलेलं. पाण्यात सैल तरंगत होतं ते.

अहेरीच्या दवाखान्यात प्लास्टर झालं. तिथल्या डॉक्टरांना मी माझा दंड दाखवला. दोरीचा लाल वळ उठला होता. ते म्हणाले, पडताना दोरी तुटली तेव्हाच तुला झटका बसला असेल, तुझ्या डोक्याला तो उशिरा कळला. ऐकायला बरं वाटतं. पण रपट्यावर माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, मी त्याच हातांनी चढ चढलो. कोपर दारावर आपटलं ते त्यानंतर, सपाटीवर. आणि दोरी रपट्यावर तुटली तर तिथे मला काहीच कसं लागलं नाही? हा प्रश्न तर मला सपाटीवरच्या ओढीपेक्षा जास्त छळतो.

गावात अर्थातच दुसरं निघालं. वाटेत एका दगडापाशी गाडीवाले झाडाची डहाळी ठेवून पुढे जातात, तुम्ही ठेवली नाही, म्हणून झालं. मी विचारलं, देव रागावला असता तर त्याने मला थांबवलं कशाला? ओंडका मात्र गावकऱ्यांनी दुसरी गाडी करून आणला, आणि तो विहाराच्या छताला लागलाही.

भाऊजी पुढे थोडे लंगडत चालू लागले. या विषयावर ते बोलत नसत. एकदा बहिणीकडे गेलो असताना ओसरीवर आम्ही दोघंच होतो, तेव्हा मी सरळ विचारलं.

"भाऊजी, तुम्ही पडल्यावर दोरी ओढली होती का?"

"ओढली," ते म्हणाले. "एक बार. आता हात राहत नाई असं वाटलं तवा."

"पण ती तुटली होती ना? तुमाले दिसत नोयती का?"

"दिसत होती ना. टोक समोरच तरंगून राह्यलं होतं."

"मंग ओढली काऊन?"

भाऊजींनी माझ्याकडे असं बघितलं, की हे काय विचारायचं झालं.

"हातात तेवढीच होती," ते म्हणाले, आणि आत बहिणीला हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला.

याचा उलगडा मला तेव्हा झाला नाही, आजही नाही. पण ती चहाची हाक मारायला ते ओसरीवर बसलेले होते, एवढ्यावर मी आपलं भागवून घेतो.