पूर्णेहून बोरा गुहांकडे, नवऱ्याच्या तिकिटावर नणंद

या सहलीत महानंदाताई नव्हत्याच. सहल माझी आणि विश्वनाथची होती. मी पूर्णेजवळच्या एका शाळेत शिकवते, विश्वनाथचं बाजारात बी-बियाणांचं दुकान आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस कुठंतरी गुहा आणि धबधबा बघायला जायचं हे मी पावसाळ्यातच ठरवून टाकलं होतं. मराठवाड्यात लेणी भरपूर, पण ती माणसानं छिन्नीनं कोरलेली. पाण्यानं थेंब-थेंब गळून आतून पोखरलेली चुनखडीची गुहा आपल्याकडच्या काळ्या कातळात सापडत नाही. शोधता शोधता आंध्रातल्या बोरा गुहा सापडल्या. विशाखापट्टणमहून अरकू या डोंगरातल्या गावाला जाताना वाटेत लागतात, जवळच कटिकीचा धबधबा आहे, आणि नांदेडहून विशाखापट्टणमला थेट रेल्वे आहे. ती रोज नसते, तेवढं आधी बघून घ्या. दुपारनंतर निघाली की सकाळी तिथं.

यंदा पाऊस लांबला आणि हरभऱ्याची पेरणी नेमकी आमच्या तारखांवर आली.

"आत्ता दुकान बंद केलं तर गिऱ्हाईक जन्मात परत येत न्हाई," विश्वनाथ म्हणाला. "तू महानंदाला घेऊन जा. तिला तर कुठं तरी न्यायलाच पाहिजे."

महानंदा ही त्याची धाकटी बहीण, माझ्याच वयाची. मी ताई म्हणते. तिचं लग्न जमता जमता राहिलं, मग सासूबाईंना लकवा झाला आणि पुढची दहा-बारा वर्षं ताईंनी त्यांना उठवलं, बसवलं, भरवलं. यंदा उन्हाळ्यात सासूबाई गेल्या. तेव्हापासून ताईंचा पाय घरात ठरत नव्हता. घासलेली भांडी पुन्हा घासायच्या. घडी घातलेले कपडे मोडून पुन्हा घडी घालायच्या. "जरा येते" म्हणून स्टेशनच्या पुलापर्यंत जायच्या आणि भाजी चिरून व्हायच्या आत परत यायच्या. त्यांच्या त्या येरझाऱ्यांनी मीही बेजार झाले होते. मला घरापासून लांब जायचं होतं, आणि आता घरच माझ्याबरोबर निघालं होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: पक्कं झालेलं रेल्वेचं तिकीट नवरा-बायको, आई-वडील, भावंडं किंवा मुलांच्या नावावर करून मिळतं. गाडी सुटायच्या एक दिवस आधी आरक्षण खिडकीवर अर्ज आणि दोघांची ओळखपत्रं द्यायची. नातं दाखवणारा कागदही जवळ असू द्या, आमच्याकडं रेशनकार्ड मागितलं.

ताईंना चालणं झेपेल का, ही मला धास्ती होती. गुहेत पायऱ्या पुष्कळ. म्हणून एका रविवारी त्यांना येलदरीच्या धरणावर नेलं. परभणीवरून जिंतूर, तिथून येलदरी, सगळी एसटी. धरण भरलेलं होतं. वारा इतका की पदर सांभाळावा लागत होता. मी पाण्याकडं बघत उभी राहिले तोवर ताई भिंतीच्या कडेनं पार पुढं गेल्या होत्या आणि तिथून परतही फिरल्या होत्या. मक्याची कणसं भाजणारी एक बाई त्यांना म्हणाली, "ओ बाई, बसा की जरा. धरण कुठं पळून जायलंय?"

"बसायचंच असतं तर घर काय वाईट होतं?" ताई म्हणाल्या आणि मला विचारलं, "परतीची एसटी कधी हाय?"

चालणं झेपत होतं. माझंच अवघड होतं.

गाडीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि पेंडखजूर घेतला. आम्ही लिंगायत, शाकाहारी, त्यामुळं पुढं जेवणाचं कसं होईल ही फिकीर होती. ती फुकटच निघाली. इडली, उपमा, चिंचेचा भात सगळीकडं मिळतो. समोरच्या बाकावर विजयवाड्याच्या एक बाई होत्या. त्यांनी आमचे धपाटे खाल्ले, आम्हाला त्यांचा चिंचेचा भात दिला, आणि हिंदीत विचारलं, "दोनों बहनें हो?"

"नहीं. भाभी है मेरी," ताई म्हणाल्या आणि लगेच उठून दाराकडं गेल्या. निजामाबादपर्यंत त्या चार वेळा तरी उठल्या असतील. बाईंनी मला हळूच विचारलं, "तबियत ठीक नहीं क्या इनकी?" मी त्यांच्यापुढं आणखी एक धपाटा केला.

विशाखापट्टणमला उतरलो की समुद्र बघायचा मोह होतो. तो परतीवर ठेवा. आम्ही स्टेशनवरच तोंड धुतलं, नाश्ता केला आणि बसस्थानकावर जाऊन अरकूची बस धरली. पहाटे निघणारी एक रेल्वेही घाटातून जाते, बोगदेच बोगदे, पण आम्ही पोचेपर्यंत ती गेलेली असते. बसचा घाटही काही कमी नाही. दोन्ही बाजूंना कॉफीची झाडं, त्यांवर चढलेल्या मिरीच्या वेली, आणि प्रत्येक वळणावर बांबूत शिजवलेली कोंबडी विकणारे. मला उलटीची भीती, म्हणून मी डोळे मिटून बसले होते. ताई खिडकीतून निम्म्या बाहेर. अरकूत साधं, स्वच्छ लॉज मिळालं. दिवाळीत खोल्या महाग होतात, आधी फोन करून ठेवा. रात्री थंडी असते. शाल लागतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी कटिकी. बोऱ्याच्या जवळून जीप जातात. माणशी पैसे घेतात, आणि जीप भरल्याशिवाय हलत नाही. रस्ता म्हणजे नुसते दगड. नंतर थोडं पायी चालायचं. झाडीतून आधी आवाज येतो, मग अंगावर गार हवा येते आणि एकदम समोर पाणी. उंचावरून सरळ काळ्या-पिवळ्या दगडावर आपटून धुरासारखं उडणारं. मी चपला काढून पाय पाण्यात सोडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

"वैनी, झालं ना बघून? चला. जीप जाईल."

मी मागं वळले. ताई ओल्या साडीनिशी वाटेवर उभ्या होत्या, तोंड परतीकडं.

"ताई, जरा दम घ्या की!" मी ओरडलेच. बाजूचे लोक बघायला लागले. "मी काय तुमच्या मागं पळायला आले का इथं? घरात तेच, इथं तेच. एक जागा तरी मला धड बघू द्या."

त्या तोंड फिरवून जीपच्या वाटेला लागल्या. मीही तोंड फिरवलं. पण पाण्यावरून उडालेलं मन काही परत तिथं लागलं नाही. जीपमध्ये आम्ही दोघी दोन टोकांना बसलो.

बोरा गुहेचं तिकीट दोघींचं मिळून दोनशेच्या आत होतं, कॅमेऱ्याचे पैसे वेगळे. खाण्याचं काही हातात ठेवू नका, दारातच माकडं टपलेली असतात. पायात घट्ट बूट घाला, आत ओलं असतं. तोंड एवढं मोठं की एखादं देऊळ कळसासकट मावेल. पायऱ्या उतरत गेलं की बाहेरचा उजेड मागं राहतो आणि रंगीत दिवे सुरू होतात. छतातून लोंबणारे दगड, खालून वर आलेले दगड, काही ठिकाणी दोघं एकमेकांना भेटून खांब झालेले. गाइड लोक दाखवत होते, हा हत्ती, ही मगर, हे शंकर-पार्वती. मला हत्ती दिसला नाही, पण एका टोकाला लटकलेला थेंब दिसला, पडू की नको करणारा. तो पडायची वाट बघत मी थांबले, आणि नेहमीसारख्या पुढं गेलेल्या ताईंना गाठायला म्हणून निघाले, तर त्या पायऱ्यांच्या एका वळणावर बसलेल्या.

दोन्ही हातांनी कठडा धरलेला. चेहरा पांढरा. मागून येणारा एक जण म्हणाला, "आगे चलो अम्मा, रास्ता बंद हो रहा है." त्या हलल्या नाहीत.

"ताई, दम लागला का? वर जायचं का?"

"न्हाई. थांबा जरा."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांचा हात हातात घेतला. त्यांची नजर समोरच्या भिंतीवर होती. तिथं दगडात एक कोनाडा होता, माणूस मांडी घालून बसेल एवढा. आत ओली माती, वरून पाणी गळत होतं.

आमच्यात मृत माणसाला जाळत नाहीत. खड्ड्याच्या भिंतीत कोनाडा खणतात आणि त्यात बसवतात, हातात त्याचं जन्मभर गळ्यात बांधलेलं इष्टलिंग ठेवून.

"आईला असंच बसवलं ना, वैनी?"

"हो."

"मी बघितलंच न्हाई. तोंड फिरवून उभी राहिले. इतकी वर्षं तिला मी उठवलं, मी बसवलं. दुसऱ्या कुणाचा हात तिला चालायचा न्हाई. आन शेवटचं बसवायला दुसरीच माणसं." त्यांनी पदर तोंडाला लावला. "तिचं डावं अंग धरावं लागायचं. न्हाई तर कलायची ती. त्यांनी धरलं आसंल का?"

मी तिथं होते. मी बघितलं होतं. "धरलं होतं," मी म्हणाले. "तुमच्या दादानं धरलं होतं. डावीकडून. पाठीला मातीचा आधार दिला तेव्हाच सोडलं."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग रडल्या. उन्हाळ्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. लोक आमच्या बाजूनं वाट काढत जात होते.

"पहाटं आजून जाग येतीय," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "औषधाची वेळ झाली म्हणून उठून बसते. बघते तर पलंग रिकामा. मग काय करायचं? भांडी घ्यायची घासायला. तुमी बेजार झालाव, मला कळतंय. पण मला त्या खोलीत आता ऱ्हायचंच न्हाई."

मग खरी गोष्ट बाहेर आली. जिंतूरला मुलींच्या एका वसतिगृहात राहून काम करणारी बाई हवी होती. ताईंनी आमच्या नकळत फोन केला होता. ते या म्हणत होते, सुट्टीनंतर लगेच.

"दादाला कसं सांगू? त्याला वाटंल, आई गेली आन हिला घर नकोसं झालं."

ही बाई घराबाहेर जावी असं मला कितीदा वाटलं होतं. आता ती स्वतः जाते म्हणत होती, आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? मी शाळेत गेल्यावर स्वयंपाक कोण करणार? दूध कोण घेणार? विश्वनाथचा डबा दुकानात कोण पोचवणार? मला माझीच शरम वाटली.

"मी सांगते," मी म्हणाले.

आम्ही उठलो आणि खालपर्यंत गेलो, अगदी शेवटच्या उजेडापर्यंत. मग लोखंडी जिन्यानं वरच्या कपारीत चढलो. तिथं दगडातून आपोआप घडलेलं लिंग आहे. ताईंनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून डोळे मिटले. मागं रांग होती, पण पुजाऱ्यानं त्यांना हटकलं नाही. मी एका बाजूला उभी राहिले. माझेच पाय आता चुळबुळत होते. विश्वनाथला काय सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवत होते आणि मोडत होते.

परतीच्या गाडीआधी समुद्र बघितला. वाळूत बसून दोघींनी शेंगा खाल्ल्या. प्रवास, लॉज, जेवण, जीप सगळं धरून दोघींचा खर्च दहा हजारांच्या आत बसला.

घरी पोचल्यावर मी दोन दिवस हा विषय काढलाच नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं. विश्वनाथचा हात ताटातच थांबला.

"लोक काय म्हणतील? आई गेली आन भावानं बहिणीला घराबाहेर काढलं?"

"लोक ताईंसारखं पहाटं उठून रिकामा पलंग बघतेत का?" मी म्हणाले.

"इथं काय कमी हाय तिला?"

"दादा," ताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "कमी काईच न्हाई. पण काम संपलंय माझं इथलं."

तो ताट सारून उठला. पुढं किती तरी दिवस तो आम्हा दोघींशी कामापुरतं बोलला. ताई एकट्याच एसटीनं जिंतूरला गेल्या, एक पेटी आणि एक वळकटी घेऊन. त्यांना सोडायला मी स्थानकावर गेले होते, तो दुकानातच बसून राहिला.

या गोष्टीला आता काही महिने झाले. गुहेचे फोटो मी फार कुणाला दाखवले नाहीत, अंधारात ते धड आलेच नाहीत. कटिकीचं पाणी मात्र डोळ्यांपुढं येतं, आणि त्याबरोबर माझं ओरडणंही. मी भाकरी जाड करते, शाळेला उशीर होतो, घर विस्कटलेलं असतं. रविवारी दुपारी मला एका जागी बसवत नाही, उठून उगाच नकाशे बघत राहते. जाणार असाल तर पावसाळा सरल्यावर जा, आणि ज्यांच्याशी घरात बोलणं होत नाही अशा कुणाला तरी बरोबर न्या. सोपं जाणार नाही.

गेल्या रविवारी विश्वनाथनं दुपारीच दुकानाचं शटर ओढलं. कुठं जातोय ते सांगितलं नाही. दिवेलागणीला परत आला, हातपाय धुतले, ताटावर बसला.

"जिंतूरला गेलतो," तो म्हणाला.

मी भाकरी वाढता वाढता थांबले.

"तिनं मला बसू बी दिलं न्हाई. सगळं हॉस्टेल फिरून दाखवलं, पोरींना सांगत सुटली, हा माझा दादा, हा माझा दादा. मग बाहेर हॉटेलात नेऊन चहा पाजला. पैसे तिनंच दिले, मला खिशात हात घालू दिला न्हाई."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"बरी दिसायली," तो म्हणाला.