आत्याची सलाईन-तपासणी

माझ्या थोरल्या आत्यानं जितकी सलाईन पाहिली, तितकी सोलापूरच्या मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरानंही पाहिली नसेल. नळदुर्गापासून तामलवाडीपर्यंत कुणी दवाखान्यात पडलं की ही बिस्किटाचा पुडा घेऊन हजर. आधी बाटली बघायची, मग थेंब, मग हात. पेशंटचं तोंड सगळ्यात शेवटी. हात सुजलेला दिसला की "सुई बाहेर गेली" असं जाहीर करून नळीवरचं चाक स्वतःच बंद करायची. आणि तिचं खरं निघायचं, हीच पंचाईत. एकदा तिनं असंच चाक फिरवलं, नर्सला झापलं, बिस्किटं दिली आणि मग कळलं, आपला पेशंट शेजारच्या खोलीत आहे.

पुढं अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिच्या धाकट्या भावाला, अन्ननलिकेचा कॅन्सर झाला. घोट उतरेना, शिरा सापडेनात, आणि पुन्हा दवाखान्यात न्यायचं नाही, असं त्यांनी बजावलेलं. म्हणून घरी येणाऱ्या सिस्टरनं पोटाच्या कातडीखाली दोन बारीक सुया बसवल्या. एकीतून सलाईन, दुसरीतून दुखण्याचं औषध. तिथं थोडं फुगतं, आपोआप जिरतं, हे तिनं आम्हाला नीट समजावलं. पण गावाहून आलेल्या आत्याला कुणीच सांगितलं नाही.

मी अंघोळ करून बाहेर येतो तो चाक बंद, आणि आत्या फोनवर सोलापूरला जायला जीप मागवतेय. अण्णा नुसती मान हलवत होते. सुकलेल्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी सिस्टरचा फोन लावून आत्याच्या कानाशी धरला. तिला पटलं नाही, पण चाक उघडू दिलं. जीप मात्र दारातच राहील म्हणाली आणि त्या फुगवट्यावर डोळे लावून बसली. ड्रायव्हर सात चहा प्यायला. बाटली संपली, हळूहळू फुगवटा चपटा झाला, तेव्हा कुठं जीप गेली. दुसऱ्या दिवशी एका पाहुण्यानं सूज बघून तोंड उघडलं, तर आत्या म्हणाली, "सूज न्हाय ती, जेवण हाय त्याचं. गप बसा."

तिसऱ्या दिवशी अण्णांच्या ओठांना ओल आली.

"अक्का, सरक जरा. वारं अडवलंयस."

आत्या पदर तोंडाला लावून स्वैपाकघरात आली. मला वाटलं, दुखावली.

"भांडाय लागला," ती म्हणाली. "आता मी न्हाय जात गावाला."

अण्णा बरे होणार नाहीत, हे सिस्टरनं तिलाही सांगितलं होतं. तिनं पिशवीतून दुसरं लुगडं काढून आमच्या दांडीवर टाकलं, आणि परत जाऊन त्याच जागी, वारं अडवत बसली.