आपल्याच नावाला हात

पन्नासच्या दशकात पवनेकाठच्या आमच्या गावाशेजारी कारखाने उभे राहू लागले. गावकऱ्यांनी गोठे लिंपून खोल्या केल्या आणि बाहेरच्या जिल्ह्यांतली कामगार मंडळी तिथं भाड्यानं राहू लागली. त्यांना पाणी नदीवरून आणावं लागे. सरपंच झालो तर त्या वस्तीपर्यंत नळ नेईन, असं मी म्हणालो होतो. पंचायतीतल्या तीन सभासदांनी तेवढ्यासाठीच मला उभं केलं.

गावात एक वृद्ध पुढारी होते. तुरुंग भोगलेले, पुढे मोठ्या पदांवर बसून आपणहून घरी परतलेले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. पुढाऱ्याचं भाषण लांबलं की काम झालेलं नाही असं खुशाल समजावं, असं ते म्हणत. हार घालणाऱ्याचे हात बघावेत, फुलं सगळ्यांची सारखीच असतात, हेही त्यांचंच. निवडणुकीच्या आदल्या दिवशी मी पाया पडायला गेलो, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की तू स्वतःला लायक समजतोस का. ते लोकांनी ठरवायचं, असं मी म्हणालो. ते हसले आणि पानाला चुना लावत राहिले.

सरपंच सभासदांनी हात वर करून निवडायचा होता. मारुतीच्या देवळात आम्ही सात जण बसलो. दुसऱ्या उमेदवाराच्या नावाला तीन हात वर झाले, त्यातला एक त्याचा स्वतःचा. माझ्या नावालाही तीन झाले. चौथा माझा व्हायला हवा होता. पण पंगतीत आपल्या पानावर आपणच वाढून घेऊ नये, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. शेजारचा सभासद कोपरानं ढोसत होता, तरी मी हात मांडीवर ठेवून खाली बघत बसलो. मतं समसमान झाली, म्हणून तालुक्याहून आलेल्या अधिकाऱ्यानं तांब्यात चिठ्ठ्या टाकल्या. नाव दुसऱ्याचं निघालं.

माझे तिघे माझ्याकडे न बघता चपला शोधू लागले. तेच जास्त लागलं. पायरीवर आबा बसले होते. तोंड का पाडलंय, असं त्यांनी विचारलं.

"आपल्याच नावाला हात वर करणं बरं दिसंना," मी म्हणालो.

आबा बाकीच्यांकडे वळले. "असल्याला मत द्याचं न्हाई," ते म्हणाले. "पोरगी मातर द्यावी."

सगळे हसले, मीही हसलो. पण आबा ते चेष्टेनं बोलले नव्हते. पुढच्याच लग्नसराईत त्यांनी आपली पुतणी मला दिली.

नळ नव्या सरपंचानंच नेला, पण वर्षभरानं. चर खणायला मीही गेलो. तरी मधला एक उन्हाळा वस्तीतल्या बायकांनी नदीवरून हंडे वाहिले, आणि तो उन्हाळा मी अजून माझ्याच नावावर धरतो. बायकोला हे सांगितलं की ती म्हणते, "तुमचा हात वर गेला असता तर मी या घरात नसते." आता घरात काही ठरवायचं असलं की ती आधी माझा हात धरून वर करते, मग स्वतःचा.