मावशीचं चौथं वाक्य

भाईंदरच्या कॉलेजात प्रॅक्टिकल चालू असताना मावसबहीण रोझीचा फोन आला. "आय गेली," एवढंच म्हणाली. मी आमच्या कोळीवाड्यात, पालीत पोचले तेव्हा गल्लीत माणसं खाली मान घालून उभी होती. आत फिलोमावशीच्या उशाशी मेणबत्त्या लावल्या होत्या. आणि किनाऱ्यावरून तिचाच आवाज आला… "हवा ओली हाय गो, बोंबील बगा!" दोघी-तिघी सवयीनं उठल्या आणि तिथंच थबकल्या.

तो आवाज मीच पेटीत भरला होता.

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. फॉर्म भरायलाही मावशीच सोबत आली होती. वलांडीवर, म्हणजे बांबूंना ताणून बांधलेल्या दोरीवर, जबड्यात जबडा अडकवून बोंबील वाळत घालताना ती वारा नाकानं ओळखायची. तरी कधी ओल्या हवेनं सगळा माल सडायचा, वाळूत पुरावा लागायचा. "दर्यातून आनायचा नि पुरायचा, त्यापरीस तितंच ऱ्हावदे ना त्याला," ती म्हणायची. माझा कॉलेजचा प्रकल्प त्यातूनच निघाला. टाकून दिलेला मोबाइल, छोटं सौर पॅनल, हवेतली ओल मोजणारा सेन्सर आणि एक भोंगा, सगळं एका पेटीत बसवलेलं. ओलीच्या चार पायऱ्या, प्रत्येक पायरीला एक वाक्य. आधी मी संगणकाचा आवाज लावला होता: "कृपया लक्ष द्या, आर्द्रता वाढली आहे." बायका खो-खो हसल्या. "ही कोन बँकेतली बाय? हिनं बोंबील बगितलाय का कवा?" मग मावशी बोलायला बसली. तीन वाक्यं माझ्यासमोर बोलली. चौथ्याला म्हणाली, "तू हसतेस. भायेर जा." चौथी पायरी म्हणजे सगळा माल ताबडतोब काढायची. दोन हंगामांत ती कधी आलीच नाही. मी ते वाक्य ऐकून तपासायला हवं होतं… राहून गेलं.

पुरायचा माल मात्र खरंच कमी झाला.

दफनानंतर रोझी मला म्हणाली, "मेल्यावर पन आयला कामाला लावलंस तू." आवाज बंद करावा तर सगळ्यांचा माल जाणार, ठेवावा तर रोझी कानात बोटं घालणार. शेवटी, महिना झाल्यावर चर्चमध्ये मावशीसाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना होईल, त्यानंतर रोझीनं पेटीला आपला आवाज द्यायचा, असं ठरलं.

मिस्सेच्या दिवशी आम्ही चर्चमधून परतत होतो आणि आभाळ एकदम काळं झालं. भोंगा खरखरला. चौथं वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "काढा गो सगला! माजी वलांड ऱ्हावद्या, मी येतेय…"

बायका धावल्या. बघता बघता सगळ्या वलांडी रिकाम्या झाल्या. मावशीची, जिच्यावर आता रोझी बोंबील घालते, तेवढी तशीच राहिली. कुणी हात लावेना. मग रोझी पुढे झाली, तिनं दोरीचं एक टोक सोडलं. दुसऱ्या टोकाशी नेहमी मावशी असायची. थेंब पडायला लागले, माल भिजणार हे दिसत होतं, तरी सगळ्या त्या टोकाकडे बघत उभ्या… शेवटी मी गेले. गाठ आधीच सुटलेली होती. वाऱ्यानं सुटली असेल.

"आवाज कधी बदलायचा?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"नको," रोझी म्हणाली. "येते म्हनालीय ती. मदीच कसा पुसायचा?"

पेटी अजून तिथंच आहे. आम्ही मावशीची वलांड सगळ्यात शेवटी काढतो. रोझी एक टोक धरते. दुसऱ्या टोकाशी आम्ही थोडा वेळ जागा सोडतो, मगच मी पुढे होते.