हाड नरम होईपर्यंत

माझ्या मुलीच्या गुडघ्याजवळच्या हाडातल्या गाठीचा तुकडा वर्ध्याच्या एका प्रयोगशाळेत तपासायला दिला होता. कॅन्सर असेल तर कोणता, हे त्यावरच ठरणार होतं. मी वडनेरहून रोज एसटीने जायचो आणि खिडकीशी उभा राहून विचारायचो, “झालं का जी?”

आतला पिकल्या मिशांचा तंत्रज्ञ आम्लाच्या बरणीतून तो तुकडा उचलायचा. चष्मा कपाळावरच ठेवून, न बघता, हातमोज्यातल्या बोटांनी हलकेच वाकवायचा आणि परत बुडवायचा.

चौथ्या दिवशी मी भडकलो.

“कडक हाड कापलं त चुरा होते, भाऊ,” तो म्हणाला. “आम्लात हळूहळू नरम होते, मंगच कापता येते. चुऱ्यात डॉक्टरले काय दिसन? असा आजार सहसा येत नाई. नाव चुकलं त इलाज चुकते. पोरीचा एक्स-रे काऊन नाई आनला? फोटो अन् काचेवरचा काप संगं पाह्यल्याबिगर डॉक्टर नाव लिहत नाई.”

एक्स-रे घरी कपाटावर होता. दुसऱ्या दिवशी नेऊन दिला.

आठव्या दिवशी मला पाहून तोच म्हणाला, “या. नरम झालं. आज कापतो.”

इतके दिवस घाई करणाऱ्या माझ्या तोंडून निघालं, “काही घाई नाई जी.”

त्याने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पातं उचललं.